पोट बोललं का?

३ नोव्हेंबर

नाही, कान तपासायला मी कुठेही येणार नाही. तू अजून विचारलेलं नाहीस, पण विचारशील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. जन्म धुराडी रंगवण्यात गेला, खाली बॉयलर कोकलत असायचे, आता कान एवढेच उरलेत. फोनवर तू बोलतेस आणि मला माशी गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. म्हणून पत्र. अक्षराला नावं ठेवू नकोस. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे.

तुझा भाऊ पोचला. जेवतो, झोपतो, पोरीला खांद्यावर घेऊन हिंडतो. तुझ्या इस्पितळाने मेंदूला सूज, झटके, असली नावं सांगून सूनबाईचा जीव अर्धा केला होता. तू तिथे फोटोच्या मशीनवर बसतेस म्हणून मी गप्प राहिलो, नाहीतर केव्हाच उचलून आणला असता.

आता चांगली बातमी ऐक. त्याची भीती गेली. ज्याचं नाव आपण ससा ठेवलं, जो मिसरूड फुटेपर्यंत अंधारात मोरीत जायला तुझं बोट धरायचा, त्याने परवा शेजारच्या कुत्र्याच्या तोंडातलं हाडूक ओढून काढलं! कुत्रं चावलं. पट्टी बांधली. काल पुन्हा गेला हाडूक काढायला, पुन्हा चावलं, आणि हा हसत घरी. आपल्या रंगाऱ्यांच्या टोळीतले सगळे पोट धरून हसले. त्याचा जोडीदार, ज्याला आपण उंट म्हणतो, म्हणाला, "मुकादम, इस्पितळात ससा दिला होता, त्यांनी वाघ परत केला." मी म्हणतो तापात सोन्यातला कचरा जळाला.

सोमवारपासून त्याला कामावर घेतो. कारखान्याचं जुनं धुराडं मिळालंय, चांगलं उंच आहे. ससा आणि उंट, नेहमीची जोडी. आणि आपला नियम आहेच. पहिल्या कठड्यावर प्रत्येकाने छाती टेकून खाली बघायचं, मी विचारणार, "पोट बोललं का?" ज्याचं बोललं, म्हणजे पोटात खड्डा पडला, तो वर. ज्याचं नाही बोललं त्याने त्या दिवशी खाली बसून रंग ढवळायचा. माझ्या वस्तादाने घालून दिलेला नियम आहे, त्याला कुठल्या मशीनची गरज लागत नाही.

मामा


८ नोव्हेंबर

मामा,

अक्षराला नावं ठेवत नाही. कानाचं विचारणारच होते, तुम्ही ती वाट आधीच बंद केलीत.

कुत्र्याचं वाचून मला हसू आलं नाही. पहिल्यांदा चावलं ते समजू शकते. दुसऱ्यांदा का गेला? हात दुखतो त्याला, पण दुखलं म्हणून पुढच्या वेळी मन मागे ओढत नाही. याला वाघ म्हणत नाहीत, मामा.

सोपं करून सांगते. मेंदूत खोलवर, दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, बदामाएवढे दोन गोळे असतात. समोर साप दिसला की आपण "साप" म्हणायच्या आधीच ते ओरडतात. मग छाती धडधडते, तळवे ओले होतात, पोटात खड्डा पडतो. तुम्ही म्हणता पोट बोललं. पोट नुसता निरोप्या आहे, बोलणारा वर बसलेला असतो. सशाच्या फोटोत दोन्ही बाजूंचे बदाम तापाने खाल्लेले आहेत. तो फोटो मी माझ्या हाताने काढलाय. काढताना मशीनच्या काचेमागे एकटी बसून रडले, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं.

इथे डॉक्टरांनी त्याला चेहऱ्यांची चित्रं दाखवली. हसणारा ओळखला. रडणारा ओळखला. चिडलेला बघून तर म्हणाला, "हे आमचे मामा." मग घाबरलेल्या माणसाचं चित्र दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाला, "याला शिंक येतेय का?"

त्याला वर पाठवू नका. खालची कामं द्या, रंग, डबे, काहीही. तुमच्या वस्तादांचा नियम सोन्यासारखा आहे, तो नियमच त्याला खाली ठेवेल.

तुमची,
फोटोवाली


१४ नोव्हेंबर

फोटोवाल्या बाईंना कळवण्यात येते की त्यांच्या मनासारखं झालं.

सोमवारी कठड्यावर सगळे ओळीने वाकले. उंटाला विचारलं, पोट बोललं का. म्हणाला, "बोललं मुकादम, शिव्याच दिल्या." सशाला विचारलं. खाली बघितलं, वर बघितलं, म्हणाला, "नाही मामा. छान दिसतंय." झालं. मी त्याला खाली बसवला. नियम म्हणजे नियम, भाचा असला तरी. मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. रंग ढवळतो, शीळ घालतो, कुरकुर नाही. पण टोळीला करमत नाही आणि उंटाला तर मुळीच नाही. दुसरा जोडीदार दिलाय, तो मेंगळट आहे.

बदामांचं मला कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नाही. माझी आई सांगायची, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. आता भित्रेपणा गेला तर त्याच्यापाठी तुम्ही शिकलेली माणसं लागलात. ताप येऊन गेलाय, अंगातून अजून पुरता उतरलेला नाही, दुसरं काही नाही. थोड्या दिवसांत पोट बोलायला लागेल.

सूनबाई मात्र उगाच बाऊ करते. रविवारी हा पोरीला मांडीवर घेऊन गच्चीच्या कठड्यावर बसला होता, पाय बाहेर सोडून. पोरीला खालच्या गाड्या दाखवत होता. सूनबाई जिन्यातून वर आली आणि तिथेच किंचाळली. याने वळून तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "दाढ दुखतेय का तुझी?" ती आता बोलत नाही त्याच्याशी. पोर सुखरूप होती, हसत होती. एवढ्यासाठी नवऱ्याशी अबोला धरायचा?

मामा


१९ नोव्हेंबर

मामा,

वहिनी बाऊ करत नाही. तिने नवऱ्याला तिचा चेहरा दाखवला आणि त्याला तो वाचता आला नाही. तुमच्यावर अशी वेळ आली असती तर तुम्ही काय केलं असतं? पोरीला त्याच्याजवळ एकटं ठेवू नका, हे वहिनीला मी वेगळं कळवलंय. गच्चीच्या दाराला कुलूप घाला.

आणि तुमच्या नियमाबद्दल आता मला दुसरीच काळजी वाटते. तो सोन्यासारखा आहे असं मी म्हटलं, ती माझी घाई झाली. तुम्ही पोटाला विचारता, पण उत्तर देतं तोंड. ससा मूर्ख नाही. त्याची अक्कल शाबूत आहे, माया शाबूत आहे, तुम्हाला खूश ठेवण्याची हौस तर लहानपणापासून आहे. बोललं म्हणणारे वर जातात आणि नाही म्हणणारा खाली बसतो, हे त्याच्या लक्षात यायला किती वेळ लागेल?

म्हणून तोंडाला विचारू नका. तळवा बघा. कठड्यावर वाकायच्या आधी त्याचा हात हातात घ्या, वाकल्यावर पुन्हा घ्या. भीती आली तर तळवा ओलसर लागतो, मुद्दाम तसा करता येत नाही कुणाला. त्याचा कोरडाच लागेल. एवढं करा, मामा. बदाम-बिदाम काही मानू नका, नुसता हात धरा.

शक्य झालं तर मीच आले असते. इथे मशीनवर दोघींचं काम मी एकटी करतेय, पुढच्या महिन्याच्या अखेरीशिवाय सुट्टी मिळत नाही.

तुमची भाची


४ डिसेंबर

उशीर झाला, कारण कामं असतात माणसाला.

हात धरू? टोळीतल्या बाप्यांचे हात हातात घेऊन बघत बसू? मी मुकादम आहे का ज्योतिषी? एकाचा धरला तर बाकीचे पुढे करतील, मुकादम माझं लग्न कधी म्हणून.

आणि आता गरजच नाही. सशाचं पोट बोललं! गेल्या आठवड्यात एका सकाळी वाकला, सरळ झाला आणि आपणहून म्हणाला, "मामा, पोटात गोळा आला, गुडघे पातळ झाले." शब्दाला शब्द. माझा वस्ताद असंच म्हणायचा, आणि नवीन पोरांना शिकवताना मीही असंच म्हणतो. मी त्याची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाला, तिसऱ्या दिवशीही. मग वर सोडला. तुझे बदाम पाण्यात भिजून पुन्हा फुगले असतील.

काम बघशील तर थक्क होशील. दोन माणसांचं एकटा करतो. पूर्वीचा ससा कसा होता तुला माहीत आहे. आपल्यात प्रत्येकाची फळी वेगळी टांगलेली, पण तिच्या दोराची गाठ स्वतः तपासायची नाही, जोडीदाराची तपासायची, कारण स्वतःच्या गाठीला डोळा फसतो. हा उंटाची गाठ ओढायचा, पुन्हा ओढायचा, दोन पावलं जाऊन परत यायचा आणि पुन्हा ओढायचा. उंट वैतागायचा, "अरे गाठ आहे ती, गाय नाही, दूध निघणार नाही!" तिथेच अर्धी सकाळ जायची. आता एक नजर टाकतो, "ठीक आहे उंटदादा," म्हणतो आणि फळीवर बसतो. कंत्राटदार खूश आहे. उंट खूश आहे. फक्त तू तिकडे तोंड लांब करून बसली आहेस.

गच्चीला कुलूप घातलंय. सूनबाईच्या समाधानासाठी.

मामा


८ डिसेंबर

मामा,

तुमचं पत्र आत्ता मिळालं, उभ्या उभ्या लिहितेय.

गोळा आला, गुडघे पातळ झाले, हे तुमचे शब्द आहेत. त्याने ते पाठ केलेत. त्याला स्वतःचे शब्द सापडत नाहीत, कारण सांगायला आत काही घडतच नाही.

आणि गाठीचं मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्हाला वाटतं तो उगाच वेळ घालवायचा. त्याला सारखं वाटायचं की सुटेल, सुटेल, म्हणून तो परत परत ओढायचा. ते वाटणं आता राहिलं नाही. मला वाटत होतं हा स्वतः पडेल. मामा, हा पडणार नाही कदाचित. उंटदादाची गाठ कोण ओढतंय आता?

वर पाठवू नका. कुणालाच, मी येईपर्यंत. मी रजा मागत नाही, सांगून निघते. रविवारी पोचते.

भाची


२० डिसेंबर

तू रविवारी आलीस, उंटाच्या घरी जाऊन बसलीस, सूनबाईला धरून बसलीस, आणि माझ्याशी बोलली नाहीस. मीही बोललो नाही. तू परत गेल्यावर लिहितोय, कारण कुणाकुणाकडून तुकडे ऐकशील आणि ते चुकीचे जोडशील.

तुझं शेवटचं पत्र शुक्रवारी आलं. ते झालं गुरुवारी. एवढं पहिलं लक्षात ठेव.

चहानंतर फळ्या दुसऱ्या अंगाला हलवल्या होत्या. उंटाने नवीन गाठ मारली. उंट गाठ मारायचा ती आळशासारखी, आज नाही, पहिल्यापासून. एवढी वर्षं तो कुणाच्या जिवावर तशी मारत होता ते मला गुरुवारी कळलं. कमरेचा पट्टासुद्धा फळीलाच अडकवायचा, वेगळ्या दोराला नाही. पूर्वी ससा फळीवर बसायच्या आधी त्याला हटकायचा, "उंटदादा, पट्टा." आम्ही हसायचो त्याला, बायकांसारखा मागे लागतो म्हणून.

गुरुवारी सशाने गाठीकडे बघितलं आणि ठीक आहे म्हणाला. बघितली होती त्याने, खोटं नाही बोलला. हाताने ओढली नाही.

मी पहिल्या कठड्यावर होतो. मला आवाज ऐकू आला नाही, माझे कान तुला माहीत आहेत. उंट समोरून खाली गेला तेव्हा कळलं.

वर बघितलं तर ससा फळीवरून खाली वाकून बघत होता. ब्रश हातात. मला खूण करून, तोंड मोठं उघडून, मला ओठांवरून कळावं म्हणून सावकाश म्हणाला, "मामा, उंटदादा खाली गेला." चहा आला हे सांगावं तसं. मग स्वतःच उतरला, एकेक कडी धरून, व्यवस्थित, घाई नाही. हात थरथरत नव्हते. खाली येऊन उंटाचं डोकं मांडीवर घेतलं आणि मग रडला. खूप रडला. रडता येतं त्याला, तेवढं तापाने ठेवलंय.

माणसं जमली होती. मी त्याच्या शेजारी बसलो आणि त्याचा हात हातात घेतला. तळवा कोरडा होता. पाटीसारखा कोरडा. माझ्या हातातून पाणी गळत होतं.

घरी आल्यावर विचारलं, पोट बोललं असं का म्हणालास. म्हणाला, "सगळे म्हणतात तेच म्हणालो. तुम्हाला बरं वाटायचं, मामा."

झालं. याच्यावर तू मला काही लिहू नकोस, मला सगळं समजलंय.

मामा


३० डिसेंबर

मामा,

लिहू नकोस म्हणालात ते वाचलं. तरी लिहितेय, भाची तुमची आहे, हट्टही तुमचाच.

मी बोलले नाही तो राग नव्हता. उंटदादाच्या बायकोसमोर तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात आणि दारावर थाप पडली की दचकत होतात. तुम्हाला ऐकू येत नाही, मामा, पण हादरा कळत होता. वहिनी सांगते तुम्ही जेवणावरून उठता, जिना चढताना मधेच बसता, टोळीवर जातच नाही. सशाचा जो बदाम मेला, तो तुमच्यात आता झोपायलाच तयार नाही. समोर काही नसलं तरी ओरडत राहतो. हे दुखणं आहे, भित्रेपणा नाही, आणि याला औषध आहे, नुसतं माझ्यासमोर बसून बोलण्याचंही औषध आहे. दोघं इकडे या. मी न्यायला येते.

अजून एक. वहिनी म्हणते ससा आरशासमोर उभा राहून तोंड वेडंवाकडं करतो आणि दिसेल त्याला विचारतो, याचा अर्थ काय. कसलं तोंड? मला नीट सांगा. डॉक्टरांनाही हवंय ते, त्याला मदत होईल.

भाची


७ जानेवारी

येणार नाही. धरून न्यायला आलीस तर दार उघडणार नाही.

जिन्यात बसतो, खरं आहे. कप फुटला की पोट बोलतं, कुणी खुर्ची ओढली की बोलतं. जमिनीवर झोपलेला असताना बोलतं, पडायला जागा नसताना. आयुष्यभर ज्याला सकाळी एकदा बोल म्हणून विनवलं, ते आता गप्प बस म्हटलं तरी ऐकत नाही. तर काय करू? टोळी कंत्राटदाराला सांगून दुसऱ्याच्या हाती दिली. दोर दिले, फळ्या दिल्या.

ससा रोज सकाळी तयार होऊन बसतो. मी त्याला बाजारात नेतो. रस्ता ओलांडताना माझा हात धरतो, लहानपणी तुझा धरायचा तसा. परवा मोठी गाडी आली, मला नीट कळायच्या आधीच त्याने मला मागे ओढलं आणि म्हणाला, "मामा, तुमचा हात ओला झाला, म्हणून थांबलो." त्याला मी शिकवलं नाही हे. तू मला शिकवत होतीस, मी शिकलो नाही, तो शिकला. सूनबाई आता पोर त्याच्याकडे देते, पण मी शेजारी असेन तेव्हाच. तेवढा एक धंदा राहिलाय मला.

आता तोंडाचं. उंट सुटला तेव्हा त्याने वर सशाकडे बघितलं. तेच तोंड सशाने पाठ केलंय. हुबेहूब करतो. लोकांना विचारतो, उंटदादाने मला असं करून काय सांगितलं? मला शिव्या देत होता का? हसत होता का? त्याला खरंच कळत नाही, आणि रात्रंदिवस तेच कळून घ्यायचंय त्याला.

गेल्या आठवड्यात उंटाची बायको पट्टा न्यायला आली. नको म्हणायच्या आत याने तिच्यापुढे ते तोंड केलं आणि विचारलं, "वहिनी, तुम्हाला कळेल, तुमचा नवरा होता. याचा अर्थ काय?"

तिने बघितलं. खूप वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "असं होतं त्यांचं तोंड? तुमच्या समोरून गेले ना ते?" मी म्हणालो, मला दिसलं नाही, वेगात गेला. ती म्हणाली, "मुकादम, खरं सांगा." मी म्हणालो, याला ताप आला होता, याचं काही मनावर घेऊ नका. ती पट्टा न घेताच गेली.

ससा अजून विचारतो. आत्ताही, हे लिहितोय तर शेजारी बसून विचारतोय. मला त्या तोंडाचा अर्थ माहीत आहे. समोरून जाताना मीही बघितलंय. तिला सांगितला नाही, याला सांगत नाही, तुझ्या डॉक्टरला सांगणार नाही आणि तुलाही नाही. पुन्हा विचारू नकोस. यापुढे मी काही लिहिणार नाही.